भूतशुद्धी : श्वास, कल्पना आणि पंचमहाभूते



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना स्वतःची स्तुती ऐकण्याचा मनापासून कंटाळा होता, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगतात. तेव्हा प्रास्ताविकात आपला वेळ न दवडता मी विषयालाच हात घालतो. या आपल्या नागपुरात अलीकडे असे वर्ग ठिकठिकाणी भरू लागले आहेत की, जेथे जमलेल्यांस डोळे मिटावयास सांगून पाठीच्या कण्याच्या तळाशी तांबडा आणि टाळूशी जांभळा प्रकाश कल्पावयास लावतात, तळपायांतून पृथ्वीची शक्ती वर ओढून घ्या म्हणतात, चिनी लोक ज्याला 'ची' म्हणतात तो प्राण नाभीखाली साठवा म्हणतात, आणि तासाभराने घरी जाताना प्रत्येकाला आपण काहीतरी मिळवून चाललो असे वाटते. या प्रकाराची टवाळी करण्याचा माझा मानस नाही. तशी टवाळी सोपी आहे आणि ती पुष्कळांनी केलीही आहे. परंतु श्वास, कल्पना आणि महाभूते या तीन द्रव्यांचा मेळ घालून करावयाचे एक कर्म आपल्या घरांत शतकानुशतके चालत आले आहे, त्याची दिशा या नव्या वर्गांच्या नेमकी उलट आहे, आणि तो उलटेपणा आपल्या ध्यानातून सुटला आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

त्या कर्माचे नाव भूतशुद्धी. नवचंडीसारख्या एखाद्या मोठ्या अनुष्ठानास आपण कधी बसला असाल, तर प्रारंभीची काही मिनिटे गुरुजी झपाट्याने काही म्हणून जातात आणि यजमान अवघडून पाट सावरीत बसतो, हे आपण पाहिले असेल. त्या झपाट्यात भूतशुद्धी, प्राणप्रतिष्ठा, अंतर्मातृका आणि बहिर्मातृका असे चार विधी उरकले जातात, आणि दक्षिणा देणाऱ्यास वा घेणाऱ्यास त्यांतील कल्पनेच्या कामाची आठवण क्वचितच असते. पद्धतिग्रंथांतील विधान मात्र स्पष्ट आहे. पावलांपासून गुडघ्यांपर्यंत पृथ्वीचे पिवळे, चौकोनी मंडल आणि त्याचे 'लं' हे बीज. गुडघ्यांपासून नाभीपर्यंत जलाचे शुभ्र अर्धचंद्राकार मंडल आणि 'वं'. नाभीपासून हृदयापर्यंत अग्नीचा आरक्त त्रिकोण आणि 'रं'. हृदयापासून भ्रूमध्यापर्यंत वायूचे धूम्रवर्ण मंडल आणि 'यं'. आणि तेथून ब्रह्मरंध्रापर्यंत आकाशाचे वर्तुळ आणि 'हं'. हे सारे आपल्या देहावर कल्पून झाले की साधकाने पृथ्वी जलात, जल अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात आणि आकाश त्याच्याही पलीकडच्या अहंकारादी तत्त्वांत विरवावयाचे असते. त्यानंतर डाव्या कुशीत अंगुष्ठाएवढा एक काळा पापपुरुष चिंतावयाचा, डाव्या नाकपुडीने श्वास घेताना वायुबीजाचा १६ वेळा, कुंभकात ६४ वेळा आणि उजवीने सोडताना ३२ वेळा जप करीत त्याला सुकवावयाचे, पुढच्या आवर्तनात अग्निबीजाने जाळावयाचे, आणि तिसऱ्यात चंद्रातून झरणाऱ्या अमृताने ती राख भिजवून तिचाच नवा देह घडवावयाचा.

या आकड्यांकडे क्षणभर पाहावे. १६, ६४ आणि ३२ मिळून ११२ मात्रा होतात. मात्रेला एक सेकंद धरला तरी एका श्वासाला जवळजवळ दोन मिनिटे लागतात आणि त्यांतील मिनिटाहून अधिक काळ दम कोंडलेला असतो. सामान्य माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. यावरून एवढे उघड होते की, पद्धतिकारांच्या समोर जो साधक होता तो आठवडाभराच्या शिबिरातून बाहेर पडलेला नव्हता. आणि ज्या गुरुजींना हे सारे दीड मिनिटात आटोपावे लागते त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही, कारण मुहूर्त टळत असतो आणि स्वयंपाकघरातून निरोप येत असतो.

अंतर्मातृकेचा विधी याहून मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. मूलाधाराला चार पाकळ्या, स्वाधिष्ठानाला सहा, मणिपूराला दहा, अनाहताला बारा, विशुद्धाला सोळा आणि आज्ञेला दोन. यांची बेरीज केली की पन्नास होते, आणि पन्नासच वर्ण अकारापासून क्षकारापर्यंत त्या पाकळ्यांवर एकेक करून ठेवावयाचे असतात. एखाद्या अवयवाचे वर्णन करणारा वैद्य वर्णमालेच्या संख्येशी जुळेल अशी त्याची रचना सांगत नाही. हे षट्चक्र म्हणजे समग्र वाणी, आणि वाणीच्या द्वारा समग्र सृष्टी, एका पाठीच्या कण्यावर मांडून घेण्याची युक्ती आहे. सापडावयाची वस्तू आणि मांडावयाची वस्तू यांत जो भेद आहे तो विसरल्यामुळे गेल्या दीडशे वर्षांत केवढा गोंधळ माजला, त्याचे दोन दाखले येथे देतो.

पहिला दाखला स्वामी दयानंदांचा. त्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे की, हठयोगाचे ग्रंथ बरोबर घेऊन गंगेच्या काठाने हिंडत असताना त्यांना प्रवाहात एक प्रेत वाहत जाताना दिसले; ते त्यांनी तीरावर ओढले, सुरीने चिरले, हृदयादी अवयव बाहेर काढून ग्रंथांतील नाडीचक्रांच्या मजकुराशी ताडून पाहिले, आणि काहीच मेळ बसेना तेव्हा ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबरच प्रवाहात सोडून दिले. इतका निर्भीड पंचनामा आपल्या धर्मेतिहासात दुसरा नसेल, आणि त्या माणसाच्या सत्यनिष्ठेपुढे मान लववूनच मला म्हणावे लागते की, पंचनामा चुकीच्या जागेचा झाला. दुसरा दाखला मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांचा. त्यांनी १९२७ साली कुंडलिनीवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करून कुंडलिनी म्हणजे मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत उतरणारा दहावा मज्जातंतू, असा सिद्धान्त मांडला. पुस्तकाला प्रस्तावना होती सर जॉन वुड्रॉफ यांची. हे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश, आणि पूर्णानंद यतींच्या १५७७ मधील 'षट्चक्रनिरूपणा'चे भाषांतर १९१९ साली आर्थर अॅव्हलॉन या नावाने प्रसिद्ध करणारे गृहस्थ. गंमत अशी की प्रस्तावनाकारानेच ग्रंथकाराचा मुख्य मुद्दा अमान्य केला : कुंडलिनी ही कोणतीही नाडी नसून शक्ती आहे, देह हा तिचा आविष्कार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दयानंदांनी चक्रे प्रेतात शोधली आणि ती नाहीत म्हणून ग्रंथ टाकले. रेळ्यांनी ती शरीरशास्त्रात शोधली आणि ती आहेत म्हणून ग्रंथ वाचवले. दोघांचाही समज एकच, की ग्रंथकार नकाशा काढीत होता.

तो नकाशा असता तर सर्वांचा सारखा असावयास हवा होता. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या 'सिद्धसिद्धान्तपद्धती'त चक्रे नऊ आहेत. तंत्रग्रंथांत ती कोठे कमी, कोठे अधिक. रंगांची कथाही तशीच. इंद्रधनुष्याच्या क्रमाने तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सात चक्रे रंगविण्याची चाल १९७० च्या दशकात पश्चिमेत रूढ झाली. पूर्णानंदांच्या मणिपूराच्या पाकळ्या मेघासारख्या नीलवर्ण आहेत आणि आज्ञाचक्र चंद्रासारखे शुभ्र आहे. आपल्या वर्गांत भिंतीवर टांगलेले चित्र आपल्या आजोबांपेक्षा वयाने लहान आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही, कारण मांडावयाच्या वस्तूंत नवी मांडणी निषिद्ध नसते. फक्त तिच्या प्राचीनतेची सनद दाखवू नये.

आता मी महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या साक्षीकडे वळतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर निरूपण करताना जे केले ते विलक्षण होते. मूळ गीतेत कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानदेवांनी मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती या परंपरेने आलेला नाथांचा संकेत तेथे उघड केला आणि त्या मार्गाला पंथराज म्हटले. पुढे जे येते ते वाचताना सुखासीन माणूस दचकतो. आसन आणि तिन्ही बंध जमून आले की कुंकवाने न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी, साडेतीन वेढे घालून अधोमुख निजलेली ती शक्ती जागी होते, आणि जागी होते ती भुकेली. हृदयाखालचा वारा ती कवटाळते; मांसाचे घास घेते; तळहात, तळपाय, सांधे यांचा ठाव काढते; नखांतले सत्त्व आणि कातडीचा ओलावाही सोडीत नाही; सप्तधातूंचा समुद्र एका घोटात पिते; आणि पृथ्वी व जल ही दोन महाभूते खाऊन झाल्यावरच तिला तृप्ती येते. मग कोठे चंद्राचे तळे कलंडते, अमृत उतरते, देहावर सोनचाफ्याची कांती चढते. आणि तेवढ्यानेही ज्ञानदेवांची कथा संपत नाही. ती तेजस्वी शक्ती हृदयात आली की आपले रूपच टाकते आणि केवळ मारुत होऊन राहते. पृथ्वीला जल विरविते, जलाला तेज आणि तेजाला वायू. आणि अखेर वायूही गगनात मिळून जातो.

म्हणजे हा भूतशुद्धीचाच क्रम आहे. फरक इतकाच की पद्धतिकारांनी जो विधी म्हणून सांगितला, तो ज्ञानदेवांनी देहावर घडणारा प्रसंग म्हणून रंगविला. दोन्हीकडे साधकाच्या हाती काय उरते? त्याची पृथ्वी जाते, त्याचे जल जाते, त्याचे तेज जाते. सोनचाफ्याची कांती वाटेत येते आणि वाटेतच राहते. याच ज्ञानदेवांनी बाराव्या अध्यायात अव्यक्ताच्या मागे लागलेल्या योग्यांचे बंध, मुद्रा, कुंडलिनीचा चढाव हे सारे पुन्हा वर्णिले आणि सांगितले की हे दारुण कष्ट आहेत, भक्ताला यांची गरज नाही. पंथराजाची थोरवी गाणाऱ्यानेच त्याची किंमतही सांगून ठेवावी, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या विदर्भात या विचाराची मुळे ज्ञानदेवांच्याही पूर्वी दाखविता येतात. शके १११० चा मानला जाणारा 'विवेकसिंधू' मुकुंदराजांनी जेथे रचला ती अंबानगरी म्हणजे वैनगंगेच्या संगमावरील आंभोरा, असे आपल्याकडील अभ्यासक म्हणतात. मराठवाड्यातील मंडळी अंबाजोगाईसाठी दावा सांगतात. तो खटला येथे चालवण्याचे कारण नाही. मात्र पंचीकरणाचा, म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात त्याचा स्वतःचा अर्धा अंश आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी अष्टमांश असतो या सिद्धान्ताचा, मराठी मनावर जो ठसा उमटला तो अशा ग्रंथांतून. आणि तो धर्माच्या सीमाही ओलांडून गेला. बीदरच्या शाह मुंतोजी ब्रह्मणींनी मराठीत वेदान्त लिहिला आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला. इकडे सूफी साधकांत श्वासावर पहारा ठेवण्याची रीत, 'पासे-अनफास', आणि छातीतील निरनिराळ्या स्थानांवर रंगीत प्रकाश चिंतण्याची लताइफांची साधना होतीच. उलट दिशेने 'अमृतकुंड' हा योगग्रंथ सोळाव्या शतकात मुहम्मद गौस यांनी 'बहरुल-हयात' या नावाने फारसीत नेला.

आणखी एका विदर्भीय पुरुषाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१, निधन १९१५. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेलेली. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणविणारे आणि श्रीकृष्णाची पत्नी या भावाने कुंकू-मंगळसूत्र धारण करणारे. ज्याला रंग कधी आठवणीतही नव्हते त्याने जन्मभर रूपाची उपासना केली. कल्पनेची साधना म्हणजे डोळे मिटून रंगीत चित्रपट पाहणे, अशी समजूत करून घेऊन 'मला काही दिसतच नाही हो' म्हणून खट्टू होणाऱ्या सज्जनांनी या एका चरित्राचा विचार करावा. भावाने केलेली कल्पना डोळ्यांच्या ऋणात नसते.

विधीचे तत्त्व सोडून केवळ तंत्र प्रवासाला निघाले म्हणजे काय होते याचे उदाहरण 'शिवस्वरोदया'चे आहे. त्या शास्त्रात अडीच घटका, म्हणजे एक तास, एका नाकपुडीतून स्वर वाहतो आणि त्या तासात पृथ्वीतत्त्व २० मिनिटे, जल १६, अग्नी १२, वायू ८ आणि आकाश ४ मिनिटे चालते, असे गणित आहे. १८९० साली राम प्रसाद यांनी ते एका इंग्रजी पुस्तकात मांडले. थिऑसफीच्या वाटेने ते लंडनच्या 'गोल्डन डॉन' या गुप्तमंडळीच्या हाती पडले. आणि पिवळा चौकोन, रुपेरी चंद्रकोर, तांबडा त्रिकोण अशी तत्त्वांची पत्ते-चित्रे टक लावून पाहून अदृश्य सृष्टीत सफर करण्याचा प्रयोग ते लोक करू लागले. महाभूते विरविण्याचे साधन तेथे प्रेक्षणीय स्थळांचे प्रवेशपत्र झाले. परंतु टक लावून भूतांवर चित्त ठेवण्याची आणखी एक शिस्त पूर्वेस होतीच : 'विसुद्धिमग्गा'तील पृथ्वी, आप, तेज, वायू यांची कसिणे, ज्यांचा परिचय धर्मानंद कोसंबींनी 'समाधिमार्गा'त मराठी वाचकांस करून दिला. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी लोकांनी बुद्धाचा धर्म स्वीकारला, तेथे आनापान आणि धातुमनस्कार हे शब्द परके राहिलेले नाहीत. त्या धातुविचारातही देहाचे चार धातू वेगळे करून पाहावयाचे ते 'मी' कोठे सापडत नाही हे कळावे म्हणून.

आता चिनी 'ची'. आपल्याकडील पंचमहाभूते आणि चिन्यांची लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पंचके एकच समजण्याची चूक वर्गांत सर्रास होते. चिनी पंचकात वायू नाही, आकाश नाही, आणि ती पदार्थांपेक्षा एकमेकांस जन्म देणाऱ्या व दमन करणाऱ्या अवस्था आहेत. ताओपंथी साधकाची कल्पना 'ची' पाठीच्या कण्यातून वर नेते, जिभेचे टोक टाळूस लावून पुढच्या बाजूने खाली उतरविते आणि नाभीखालच्या स्थानात साठविते. येथे साठवणे हा शब्द यथार्थ आहे, कारण त्या परंपरेत आयुष्य वाढविणे हे लाजेचे ध्येय मानलेले नाही. तरीही त्यांच्या अंतर्विद्येची शेवटची पायरी शून्यात परतण्याचीच आहे, हे विसरू नये. आपल्या शहराचा आणि या चिनी विद्येचा एक दूरचा धागा आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले, त्यात सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये सूचिचिकित्सा शिकून ती हिंदुस्थानात आणली. 'ची'च्या वाहिन्यांवर रचलेली विद्या या देशात आली ती जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्यांच्या हातून, एवढे नमूद करून ठेवतो.

माझी तक्रार आता स्पष्ट झाली असेल. नव्या वर्गांनी चीनकडून साठवण घेतली, आपल्याकडून चक्रे घेतली, आणि जमाखर्चाच्या वहीतील खर्चाचे पान फाडून टाकले. भूतशुद्धीत आणि पंथराजात खर्च हाच मुख्य व्यवहार होता.

शरीराचे काय, असा प्रश्न उरतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या क्रिया करणाऱ्यांच्या पोटातील दाब यंत्रांनी मोजला, क्ष-किरणांनी छायाचित्रे घेतली आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकात ती छापली. श्रद्धेला प्रयोगशाळेत हजर करण्याचे धाडस मराठी माणसाने केले, याचा अभिमान वाटावा. त्या वृत्तीने पाहता काही गोष्टी आज निश्चित सांगता येतात. निरोगी माणसाच्या रक्तातील रंजकद्रव्य प्राणवायूने मुळातच शेकडा ९५ च्या वर भरलेले असते. भराभर खोल श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उलट अंगारवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. आणि या मुंग्यांनाच पुष्कळदा शक्तीचा संचार म्हटले जाते. मंद श्वासाची गोष्ट निराळी. २००१ साली इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, लॅटिन जपमाळ म्हणताना काय किंवा तिबेटी मंत्र म्हणताना काय, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि त्या गतीस हृदय व रक्तदाब यांच्या स्वाभाविक लयी परस्परांशी जुळतात. मंत्राच्या लांबीने श्वासाची लांबी बांधून देण्यात जुन्यांनी काय साधले होते, ते यावरून थोडेसे कळते.

दीर्घ कुंभक मात्र रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी पुस्तक वाचून कधीही करू नये. प्राण हा सिंहासारखा हळूहळू वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो, ही 'हठप्रदीपिके'ची ताकीद आजही लागू आहे. रामनगरात योगाभ्यासी मंडळ उभारणाऱ्या जनार्दनस्वामींनी गूढाच्या गोष्टी बाजूस ठेवून सर्वसामान्यांस झेपतील अशी सांघिक आसने विनामूल्य शिकविण्यावर भर दिला, यात मला केवळ परोपकार दिसत नाही, पायरीचे भान दिसते. आणि ओघात आले म्हणून सांगतो, मे महिन्यातल्या नागपुरात अग्निमंडलाचे चिंतन करावयास लावणाऱ्या शिक्षकाने शीतलीचाही एक पाठ त्याच दिवशी द्यावा.

शेवटी एक विनंती. महालातील आणि जुन्या वस्त्यांतील पुरोहित घराण्यांच्या दफ्तरांत भूतशुद्धीच्या, मातृकान्यासाच्या हस्तलिखित पोथ्या अद्याप असतील. एकीत बीज एका स्थानी, दुसरीत दुसऱ्या, कोठे कडेला एखाद्या पूर्वजाने मराठीत केलेली टीप. १९९७ पासून आपल्या शेजारी रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे. विदर्भ साहित्य संघ तर १९२३ पासून आहे. या दोन्ही संस्थांनी मिळून अशा पोथ्यांची यादी करावी, त्यांच्या प्रती उतरवून घ्याव्यात, आणि जे गुरुजी हा विधी आजही सावकाश करतात त्यांच्याकडून तो संथपणे ध्वनिमुद्रित करून घ्यावा. असे गुरुजी आता थोडे उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.